हात मिळतील तेवढं भात

14 मे, घोडेगाव

भातशेतीचा प्रकल्प मंजूर झाला. पत्रासोबत माहितीचे तक्ते आलेत, ते आफ्रिकेतल्या छोट्या भातशेतकऱ्यांसाठी तयार केलेले. प्रत्येक रकाना हेक्टरचा. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात जमीन विचारली की उत्तर गुंठ्यांत येतं, आणि तेवढीही एका जागी नसते. बाकीचे रकाने मात्र ओळखीचे निघाले: पावसावरची शेती, उतार, घरचं बियाणं, खताला पैसा नाही. सिएरा लिओनमधल्या शेतकऱ्याचं आणि आहुप्याच्या महादेव कोळ्याचं बरंच काही एकच असावं.

आज अंगणोअंगणी बाळहिरडा वाळत पडलेला. भाताच्या बियाण्याचा आणि खताचा पैसा यातूनच येतो. म्हणजे आमच्या प्रकल्पाची पहिली तारीख हिरड्याचा व्यापारी ठरवणार.

27 मे, आहुपे

राब भाजायचे दिवस. ऐनाच्या डहाळ्या, शेण, पालापाचोळा, वर मातीचा थर, मग आग. तणाचं बी जळतं आणि राखेवर रोप जोमाने उठतं, यात काही खोटं नाही. पण डहाळ्या आणायच्या कुठून? भीमाशंकर अभयारण्य 1985 साली झालं, तेव्हापासून फांदी तोडण्यावरून वनखात्याशी कटकट. आम्ही सुचवतो ते गादीवाफे आणि भाताच्या तुसाची राख. तूस गिरणीवर मिळतं आणि राखेतल्या सिलिकाने रोप ताठ होतं. एक आजोबा म्हणाले, "राख तीच, फक्त झाड वाचलं. चालंल की." मला तासभर समजावून सांगायचं होतं ते त्यांनी एका वाक्यात उरकलं.

9 जून, इंगळूण

मिठाच्या पाण्याचं प्रात्यक्षिक. दहा लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ, त्यात इंद्रायणीचं बी. पोचट दाणे वर तरंगले. घमेल्याभोवती बसलेल्या बायकांपैकी एकीने ते ओंजळीने काढून सुपात टाकले, एक दाणा दाताखाली फोडला आणि शेजारणीला दाखवला: आत नुसतं दूध वाळल्यासारखं. "हे पेरीत होतो आपण." मग तळाशी बसलेलं बी दोन वेळा साध्या पाण्यात धुऊन सावलीत पसरलं. खर्च मिठाचा. या कामाला कुणाची ना नाही, कारण ते घरात बसून होतं आणि लावणीच्या आधी होतं. हे दुसरं कारण पुढे फार महत्त्वाचं ठरेल असं वाटतं.

इंद्रायणी वडगाव मावळच्या संशोधन केंद्राची, 1987 सालची. आंबेमोहर 157 आणि आयआर 8 यांचा संकर. वास आंबेमोहराचा, ठेंगणी चण आयआर 8 ची. तरी इथे प्रत्येक घरी एखादं खाचर जुन्या उंच जातीचं असतंच. गुरांना पेंढा लागतो. आमच्या तक्त्यात मात्र उत्पन्न म्हणजे फक्त दाणा.

4 जुलै, आहुपे

पाऊस लागला आणि सगळीकडे एकदम लावणी. चारसूत्री पद्धतीची चार सूत्रं भिंतीवर लावलीत: भाताचे अवशेष जमिनीला परत देणं, गिरीपुष्पाचा पाला गुंठ्याला 30 किलो, 15 आणि 25 सेंटिमीटरच्या आलटून पालटून अंतरावर दोन-तीन रोपांचा चूड, आणि त्याच दिवशी चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची 2.7 ग्रॅमची एक गोळी, बोटाने सात ते दहा सेंटिमीटर खोल. गुंठ्याला 625 गोळ्या, म्हणजे जेमतेम पावणेदोन किलो खत.

गोळीचं कारण इथल्या उतारावर कुणालाही पटतं. पाणी वरच्या खाचरातून खालच्यात, तिथून ओढ्यात आणि शेवटी डिंभ्याच्या धरणात. फेकलेला युरिया त्याच्यासोबत जातो. खोल चिखलात, जिथे हवा नाही, तिथे नत्र अमोनियमच्या रूपात मातीला धरून राहतं आणि मुळं तिथवर पोचतात.

पहिलं सूत्र पेंढ्यापाशीच अडलं, पेंढा गुरांचा. दुसऱ्याला बांधावर गिरीपुष्प हवं, ते आत्ता लावू तर पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या वर्षी पाला. राहिलं तिसरं आणि चौथं, आणि दोन्हींना हात लागतात, तेही नेमके आज.

5 जुलै, आहुपे

सावडीने लावणी चालू आहे. आज एकीकडे, उद्या दुसरीकडे. दोर धरून, अंतर मोजून लावायचं म्हटल्यावर ओळ मागे पडते. मावशी कमरेतून उठल्या: "ताई, तुमच्या दोरीपायी माझा दिवस गेला, तर उद्या तिच्या खाचरात कोण जाणार?" सावडीत उशीर हा उधारीसारखा, दुसऱ्याच्या खात्यावर चढतो. शिवाय घरटी एखादा तरी जण नारायणगावच्या टोमॅटोवर गेलेला, तिकडे रोख रोजगार मिळतो. आम्ही तोडगा काढला: लावणाऱ्यांनी नेहमीसारखं लावायचं, फक्त ओळी सरळ ठेवायच्या, गोळ्या मागून शाळकरी पोरांऐवजी म्हाताऱ्यांनी, ज्यांना वाकून लावणी झेपत नाही, त्यांनी पेरायच्या. आजोबांनी कंबरेला पिशवी बांधली आणि काठी टेकत निघाले.

8 जुलै, घोडेगाव

तक्त्यात एक रकाना आहे: "श्री पद्धत किती शेतकऱ्यांनी घेतली?" ही पद्धत मादागास्करची. फादर आंरी द लोलानिये या फ्रेंच जेसुइटाने तिथे 1983 मध्ये पंधरा दिवसांचं कोवळं रोप, चुडाला एकच, लांब अंतरावर लावून पाहिलं. पाणी भरून ठेवायचं नाही, ओलं-सुकं आलटून पालटून. कागदावर ती सुंदर आहे. पण आहुप्याला जुलैत खाचर सुकवायचं ठरवलं तर आधी ढगांची परवानगी हवी. लांब अंतर आणि कमी रोपं एवढंच आपल्याकडे टिकतं.

उलटा प्रवासही आहे. चारसूत्रीची मांडणी करणारे डॉ. नारायण सावंत अमेरिकेत, अलाबामातल्या आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्रात गोळीखतावर काम करत होते. तीच गोळी बांगलादेशात गुटी युरिया म्हणून घरोघर गेली, पुढे त्या केंद्राने ती पश्चिम आफ्रिकेतही नेली. तिथेही बोटाने खत खोचायला हात कुठून आणायचे हा प्रश्न पडला असणारच. तंत्र जगभर फिरतं. ते रुजतं तिथे, जिथे त्या आठवड्यात कुणाचे तरी हात मोकळे असतात.

म्हणून रकान्यात "नाही" लिहिलं आणि खाली कारण जोडलं.

30 जुलै, आहुप्याच्या वाटेवर

2014 साली याच तारखेला माळीण गावावर डोंगर आला, 151 माणसं गेली. नंतर उतारावर यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणाकडे बोटं दाखवली गेली, आणि भाताची खाचरं काढणारा प्रत्येक माणूस संशयित ठरला. पण पडकई म्हणजे यंत्र नव्हे. दहा-बारा घरांनी मिळून एकेकाच्या उतारावर फावडं-कुदळीने दगडी बांध रचायचा, माती धरायची, पाण्याला वाट ठेवायची, ही इथली जुनी रीत आहे. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या 'शाश्वत' संस्थेने तिला नवं बळ दिलं. 2012 मध्ये संस्थेला इक्वेटर पुरस्कार मिळाला. नवीन खाचर काढायचं तर हातानेच, आणि मोठ्या कड्याखाली मुळीच नाही. यावर आमच्या गावबैठकीत वाद झाला नाही. नवीन क्षेत्राचं उद्दिष्ट मी अहवालातून काढायला सांगितलं आहे.

2 नोव्हेंबर, इंगळूण

कापणी. एक गुंठा दोरीने आखून गोळीचं आणि शेजारचं नेहमीचं भात वेगवेगळं झोडलं. गोळीच्या खाचरात फुटवे जास्त, लोंब्या भरलेल्या, हे शेतकऱ्यांनी सप्टेंबरातच ओळखलं होतं. काट्यावर कार्यालयातल्या पोराने ओल्या भाताचं वजन लिहून घेतलं, मी थांबवलं. 20 टक्के ओलाव्याचं 100 किलो भात 14 टक्क्यांवर आणलं की 93 किलो राहतं. वजन वाळल्यावरच. शेतकरी तरी पायलीने मोजतात, आणि पायली वाळल्यावरच भरतात.

19 नोव्हेंबर, घोडेगाव

अहवाल लिहिला. फायदा झाला, पण तो सगळीकडे सारखा नाही. गोळी वेळेवर पडली तिथेच भात चांगलं आलं. लावणीनंतर आठवडाभराने पडली तिथे रोपं तुडवली गेली आणि फरक नावापुरता. पुढच्या वर्षी प्रशिक्षणावरचा खर्च कमी करून तो पैसा लावणीच्या आठवड्यात गोळ्या पेरणाऱ्यांच्या मजुरीला द्यायचा आहे. कुणी विचारेल, खतासाठी मजुरी का? हे लिहून ठेवते: मजुरी खताची नाही, त्या आठवड्याची आहे.

आणि गोळ्या मेअखेर गावात पोचल्या पाहिजेत, हवाबंद पिशव्यांत. पावसाळी हवेत त्या पाझरतात, आणि जूनमध्ये घाटात गाडी चढेलच असं नाही.