रंगाचा दुसरा हात

आमच्या नगरजवळच्या भिंगारच्या घरी आईची बटणं एका लाल खोक्यात असायची. चकचकीत लाल कागद चढवलेलं पुठ्ठ्याचं खोकं, कोपरे झिजून पांढरे पडलेले. झाकणावरच्या लेबलाचा निम्मा भाग उंदरांनी कुरतडला होता. उरलेल्या तुकड्यावर ‘बॉम्बे लान्सर्स’ एवढंच वाचता यायचं. मला ते बटणांच्या कंपनीचं नाव वाटे. ज्यांचं ते खरं घर, ते पाच घोडेस्वार मात्र बिस्किटांच्या डब्यात, आजोबांच्या जुन्या धोतराच्या चिंध्यांत गुंडाळलेले माळ्यावर असत आणि वर्षातून एकदा, दिवाळीच्या किल्ल्यापुरते, खाली उतरत.

आजोबा कॅम्पात शिंपीकाम करायचे. १९४७ साली गोरे साहेब निघाले तेव्हा एका बंगल्यातल्या सामानाचा हर्रास झाला. आजोबा गेले होते शिवणयंत्रासाठी. ते दुसऱ्याच कुणी नेलं आणि आजोबा इस्त्रीचं टेबल नि त्याच्या खणातला सगळा सटरफटर माल घेऊन आले. त्यात हे खोकं होतं. शिशाचे पाच स्वार, हातात भाले. भाल्याचा हात खांद्यातून वरखाली फिरायचा. एकाचं मुंडकं कधीतरी तुटलेलं. साहेबाच्या पोराने काडीपेटीतली काडी मानेत खुपसून ते परत बसवलेलं. रंग ठिकठिकाणी उडालेला.

हे स्वार हातात घेतले की दिसतात त्यापेक्षा हलके लागतात. ब्रिटन्स नावाच्या लंडनच्या कारखान्याची ती युक्ती होती. वितळलेलं शिसं साच्यात ओतायचं, साच्याला लागून पातळ थर थिजला की आतलं पातळ शिसं लगेच ओतून टाकायचं. राहते ती पोकळ बाहुली. १८९३ मध्ये विल्यम ब्रिटन यांनी ही रीत काढली आणि भरीव शिशाच्या महागड्या जर्मन सैनिकांचा बाजार बसवला. उभा शिपाई ५४ मिलिमीटरचा, घोडे त्याच मापाने. पुढे ब्रिटनमध्ये खेळण्यांतल्या शिशावर निर्बंध आले आणि १९६६ मध्ये हे पोकळ सैनिक बनायचे थांबले. हे सगळं मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा एवढंच माहीत होतं, की आमच्या घोड्यांच्या पोटात हवा आहे.

वडील, अण्णा, छावणीतल्या वर्कशॉपात सिव्हिलियन रंगारी होते. ट्रक, जीपगाड्या, कधी रणगाडे. त्यांच्या नखांच्या कडांना बारा महिने हिरवट रेघ असे. मी चौथीत असताना, १९७४ च्या दिवाळीत, आमच्या किल्ल्यावरचे कुंभारवाड्यातून आणलेले मावळे अळिवावर शिंपडलेल्या पाण्याने पायांपासून विरघळायला लागले. मी रडून घर डोक्यावर घेतलं. अण्णांनी माळ्यावरचा डबा काढला आणि म्हणाले, “हे भिजले तरी विरघळत नाहीत. यांनाच मावळे करू.”

त्या रात्री त्यांनी जे केलं ते मी आजही हुबेहूब सांगू शकते. वर्तमानपत्र अंथरलं. स्वार एकेक करून रॉकेलच्या बोळ्याने पुसले, उडत्या रंगाच्या कडा बारीक पॉलिश कागदाने घासून बसवल्या. मग रेड ऑक्साइडचं अस्तर, अगदी पातळ. मला वाटलं झालं. पण अस्तर रात्रभर वाळू दिलं. दुसऱ्या दिवशी रंग. पांढरे अंगरखे, लाल शेले, पगड्या केशरी, घोडे दोन पांढरे, दोन तपकिरी आणि एक काळा. रंगाला ते ‘हात’ म्हणत, सगळेच रंगारी म्हणतात. पहिला हात, दुसरा हात. डोळ्यांसाठी त्यांनी ब्रशचे केस कापत कापत तीनच ठेवले, श्वास रोखला आणि टिंब ठेवलं. श्वास सोडला. पुन्हा रोखला. दहा डोळे स्वारांचे, दहा घोड्यांचे. भाल्यांना पतंगाच्या कागदाचे भगवे झेंडे लावले. काडीच्या मानेवाल्या स्वाराला त्यांनी गळाबंद शेला रंगवला, म्हणजे जोड दिसू नये. पुढची कित्येक वर्षं ते पाच जण आमच्या किल्ल्यावर महाराजांच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले.

अण्णा गेल्यावर घर आवरताना डबा माझ्याकडे आला आणि बटणं ओतून ते खोकंही. भाऊ म्हणाला, “ताई, असल्या जुन्या खेळण्यांना म्हणे परदेशात किंमत येते, विचारून तर बघ.” मुंबईत जुन्या खेळण्यांचा व्यवहार करणाऱ्या एका गृहस्थांकडे मी ते घेऊन गेले.

त्यांनी आधी खोकं पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. मग स्वार पाहिले आणि तो उतरला. भिंग लावून त्यांनी मला दाखवलं : कोटाची बटणं आणि लगामाचे कंगोरे साच्यातच उठवलेले असतात, नव्या रंगाच्या थराने ते बुजले होते. दिवा मालवून जांभळ्या प्रकाशाची छोटी बॅटरी फिरवली, तर शेला एका तऱ्हेने चमकला आणि भाल्याच्या हाताच्या बगलेत, जिथे अण्णांचा ब्रश पोचला नव्हता, तिथे काहीच चमकलं नाही. तिथे एक गडद, काळपट पट्टी उरली होती. तो मूळ रंग. तेवढाच.

ते जाणकार होते आणि त्यांनी शांतपणे समजावलं. या बाजारात रंग उडालेला, खरवडलेला, पण मूळ रंगातला सैनिक हा पुन्हा रंगवलेल्या सुंदर सैनिकापेक्षा वरचढ. रंगवला की किंमत निम्म्यावर, पुष्कळदा त्याहून खाली. नामवंत चित्रकाराने रंगवलेली लघुशिल्पं किंवा रंगवण्यासाठीच कोऱ्या विकल्या जाणाऱ्या मूर्ती यांचा हिशेब निराळा. तिथे हात चांगला असेल तर किंमत चढते. जुन्या खेळण्याला ते लागू नाही. माझ्या फाटक्या खोक्याचे त्यांनी जेवढे देऊ केले, तेवढे पाच स्वारांचे मिळून नव्हते.

मी काहीच न विकता परतले. पण ती काळपट पट्टी डोक्यातून जाईना. वरचा थर काढला तर खालचा सापडेल, असं मला वाटत राहिलं. एका दुपारी काडीच्या मानेवाला स्वार घेतला, कापसाच्या बोळ्यावर थिनर घेतलं आणि पाठीकडून सुरुवात केली. केशरी सुटलं. लाल सुटलं. रेड ऑक्साइड विटकरी पाण्यासारखं ओघळलं आणि त्याच्याबरोबरच, एका क्षणात, खालचा गडद रंगही बोळ्यावर आला. थांबायला फटच नव्हती. थिनरला कुठे कळतं कोणता हात लंडनचा आणि कोणता भिंगारचा! अर्ध्या तासात माझ्या तळहातावर करड्या शिशाचा एक उघडा स्वार उरला आणि मानेत ती काडी. अण्णांचा शेला मी माझ्या हाताने पुसून टाकला होता. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

नंतर मी या सैनिकांविषयी मिळेल ते वाचलं. ब्रिटन्सचे सैनिक रंगवायला पुष्कळ बायका होत्या; काही कारखान्यात, काही घरी काम नेऊन नगावर मजुरी घेणाऱ्या. म्हणजे ती काळपट पट्टीसुद्धा कुणा बाईच्या ब्रशची. दिव्याखाली श्वास रोखून तिनेही डोळ्याचं टिंब ठेवलं असेल. हे कळल्यावर त्या व्यापाऱ्यावरचा माझा राग मावळला. बाजार ज्याला मूळ म्हणतो, तेही कुणाच्या तरी बोटांचं काम आहे आणि ते एकदा झाकलं की परत येत नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत! माझी तक्रार उरते ती एवढीच, की किमतीला पहिलाच हात ओळखता येतो. दुसरा कुणाचा, का मारला, कोणाचं रडू थांबवायला, हे विचारायला तिच्याकडे जागा नाही.

गेल्या हिवाळ्यात भाचीला घेऊन रणगाड्यांच्या संग्रहालयात गेले. १९९४ पासून नगरला हे संग्रहालय आहे. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण आमच्या तोंडी नगरच. चर्चिल, मॅटिल्डा, जपानी हा-गो, १९६५ च्या लढाईतले पॅटन. अंगणातल्या रणगाड्यांवर मी बोट फिरवलं. जाड, गुळगुळीत थर, रिव्हेटांचे कंगोरे बुजलेले. ऊनपावसात उभं असलेलं लोखंड रंगवलं नाही तर गंजून जाईल, त्यामुळे इथे हातावर हात चढलेले आहेत आणि कुणी त्याबद्दल रणगाड्याची किंमत कमी धरत नाही. ‘फामागुस्ता’ नावाचा रणगाडा तर जळाला होता. १६ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानशी झालेल्या बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल, वय २१, या सेंच्युरियनमधून लढता लढता गेले. तो दुरुस्त करून नगरच्याच आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवला आहे. त्याच्यावर रंगाचा नवा हात फिरवणाऱ्या माणसाला काय वाटलं असेल, याचा मी अनेकदा विचार करते.

आणि त्या दिवशी समोर कोण होतं? तेरावी लान्सर्स. आमच्या खोक्यावरची पहिली बॉम्बे लान्सर्स पुढे एकतिसावी झाली, १९२३ मध्ये बत्तिसावीत मिसळून तेरावी ड्यूक ऑफ कॅनॉट्स ओन लान्सर्स झाली, १९३८ मध्ये घोडे सोडून यंत्रांवर गेली आणि १९४७ च्या वाटणीत पाकिस्तानकडे गेली. त्याच वर्षी त्यांचे शिशाचे पाच स्वार भिंगारच्या शिंप्याकडे आले. मुंबई इलाख्याच्या दोन पलटणी, पूना आणि बॉम्बे, चोवीस वर्षांनी बसंतरच्या काठी एकमेकींवर तोफा डागत होत्या आणि त्यानंतर तीनच वर्षांनी अण्णा त्यांतल्या एकीच्या स्वारांना मावळ्यांचे अंगरखे घालत बसले होते. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

यंदा भाचीने किल्ला केला. चौघे अण्णांच्या रंगात महाराजांजवळ उभे राहिले. शिशाला हात लावला की साबणाने हात धुवायचे, ही अट तिने पाळली. पाचवा मी कपाटातच ठेवणार होते, पण तिने शोधून आणला.

“याला रंगवू या ना, आत्या.”

मी नको म्हणाले.

“मग हा कुणाच्या बाजूचा?”

मी तिला पहिल्यापासून सांगायला लागले, लंडनच्या त्या बायकांपासून. उघड्या स्वाराला तिने माचीच्या टोकावर, बाकीच्यांपासून जरा बाजूला उभं केलं, घोड्याच्या पायांशी ओली माती दाबली आणि ऐकता ऐकता तिच्यात चिमटी-चिमटीने अळीव पेरत राहिली.