साडेचार फेऱ्या

ढकलणाऱ्या मुलीला बाद केलं, मग जिला ढकललं तिला पुढच्या फेरीत का घेतलं नाही? लेहहून परतून इतके दिवस झाले, तरी रात्री जाग आली की हाच प्रश्न समोर उभा राहतो.

फेब्रुवारी 2024. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा. स्केटिंग आणि आइस हॉकी लेहला, स्कीइंग गुलमर्गला. माझी लेक सहाव्या वर्षापासून पुण्यात चाकांवर स्केटिंग करते. आपली बरीच मुलं अशीच चाकांवरून बर्फावर जातात. चाक रस्ता पकडतं, ब्लेड निसटतं. शरीराला लागलेली सवय मोडून नवी लावावी लागते. त्यात लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर. पहिले दोन दिवस जिना चढतानाही आम्हाला धाप लागत होती.

पाचशे मीटरची शॉर्ट ट्रॅक शर्यत म्हणजे 111.12 मीटरच्या साडेचार फेऱ्या. जेमतेम मिनिटभराचा खेळ. चौघी जणी धावणार, पहिल्या दोघी पुढे जाणार. लेक तिसरी होती. शेवटून दुसऱ्या फेरीत ती वळणावर खाली वाकली, डावा हात बर्फाला लागला. ग्लोव्हच्या बोटांवरची कडक टोपणं बर्फावर खरखरली, तो आवाज मला कठड्यापलीकडे ऐकू आला. आतून घुसायचा मोह तिने टाळला आणि बाहेरून वेग घेतला. दुसरीच्या खांद्याला खांदा लागला. मी ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्या मुलीचा हात बाहेर आला. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय मी. लेकीचं ब्लेड निसटलं आणि ती फरफटत कडेला जाऊन आदळली. उठली, हेल्मेट सरळ केलं, उरलेली शर्यत पूर्ण केली.

निकाल लागला. ढकलणारी बाद. तिच्या जागी दुसरी म्हणून पुढे गेली ती आधी सगळ्यांत मागे असलेली मुलगी. तिचा काय दोष? काहीच नाही. पण माझ्या लेकीचा तरी काय होता? मी पंचांना विचारायला निघाले, तर लेकीनेच माझी बाही धरली. "आई, नको. पात्र जागेवर असताना कुणी अडवलं, तरच पुढे नेतात. मी तेव्हा तिसरी होते."

नियम तिला पाठ होता, मला नव्हता. तेव्हा वाटलं, विषय संपला.

त्या वर्षी आर्मी आणि कर्नाटकाच्या मागोमाग महाराष्ट्र पदकतक्त्यात तिसरा आला. आमच्याकडे नुसता जल्लोष. लेकही नाचली. मला मात्र राहून राहून एकच वाटत होतं: ज्या राज्यात सरावाला साठ बाय तीस मीटरचा बर्फ नाही, तिथली मुलं एवढी पदकं आणतात, तर बर्फ दिल्यावर काय करतील? एक तरी रिंक हवी, तीही बारा महिने चालणारी. नुसती बांधून उपयोग नाही. चालवायचा विजेचा खर्च आधी मोजा. आणि पालकांनो, मुलांना स्पर्धेच्या तोंडावर लेहला नेऊ नका. चार दिवस आधी जा, पहिले दोन दिवस विश्रांती द्या, पाणी पाजत राहा. आम्हाला शाळेच्या परीक्षेमुळे ते जमलं नाही.

काल पुन्हा त्या शर्यतीचा व्हिडिओ पाहिला. हात बाहेर येतो तिथे थांबवला, बोटांनी मोठा केला. लेकीच्या ब्लेडचं टोक त्या मुलीच्या ब्लेडच्या किंचित पुढे दिसतं. म्हणजे त्या क्षणी ती दुसरी होती.

लेकीला दाखवलं. तिने एकदा पाहिलं आणि म्हणाली, "आई, कॅमेरा तिरका आहे." मग ब्लेडला धार लावायला बसली.

कॅमेरा तिरका असेलही. पण ती पुढे होती.