मेलेली परत येते तेव्हा

भुताच्या सिनेमांचे पुढचे भाग मी एका वेगळ्याच कुतूहलानं बघते. मागच्या भागात मेलेली बाई या वेळी कशी परत आणलीय, एवढंच मला बघायचं असतं. मारताना लेखकाच्या मनात पुढचं काही नसतं. सिनेमा चालतो, आणि मग निर्मात्याला ती हवी होते. मग सुरू होते खरी गंमत.

'हॅलोविन'मधली लॉरी घ्या. 1978 साली ती खुन्याच्या तावडीतून वाचली. 1988च्या चौथ्या भागात ती पडद्यामागेच मोटार अपघातात गेलेली होती. 1998 मध्ये कळलं की ते मरण खोटं, ती नाव बदलून राहत होती. 2002 मध्ये तिला खरंच मारलं. आणि 2018 मध्ये तर पहिल्या सिनेमानंतरचं काही घडलंच नाही असं धरून तिला पुन्हा उभी केली! 'एलियन'ची रिप्ली 1992च्या तिसऱ्या भागात स्वतःहून आगीत उडी घेते, कारण तिच्या पोटात तो राक्षस वाढत असतो. 1997च्या चौथ्या भागात दोनशे वर्षांनंतर तिच्या रक्तावरून तिची प्रतिकृती तयार करतात. का? तर पोटातला तो राक्षस हवा असतो म्हणून. ती नकोच असते कुणाला. मला वाटतं, या सगळ्या प्रकारातली सगळ्यात खरी गोष्ट हीच.

आपल्याकडची मंजुलिका बघा. मूळ मल्याळम सिनेमा 1993चा, त्यावरून 2007 मध्ये 'भूल भुलैया' आला. त्यात भूत नव्हतंच. कधीकाळी मेलेल्या नर्तकीची गोष्ट अवनीच्या मनात इतकी भिनते की ती स्वतःला मंजुलिका समजू लागते. सिनेमा तिला आजारी म्हणतो आणि बरी करतो. छान होतं ते. पण नाव गाजलं! 2022च्या दुसऱ्या भागात खरंखुरं भूत आणावं लागलं, आणि 2024च्या तिसऱ्यात विद्या बालन आणि माधुरी दीक्षित दोघींना समोर उभं करून यातली मंजुलिका कोण, यावर सिनेमा ओढला. मूळ नर्तकीचं काय झालं होतं, याच्याशी कुणाला देणंघेणं उरलं नाही. उरलं ते नाव आणि घुंगरू.

पुरुषांचं असं होत नाही. 'झपाटलेला'मधला तात्या विंचू 1993 मध्ये संपला आणि 2013 मध्ये परत आला तो स्वतःच्या हिशेबासाठी. त्याला काय हवंय ते तो ठणकावून सांगतो, तेही त्याच दिलीप प्रभावळकरांच्या आवाजात. असो.

मराठीतली सगळ्यात गाजलेली परत आलेली बाई म्हणजे शेवंता. 'रात्रीस खेळ चाले'चा पहिला भाग 2016चा. 2019च्या दुसऱ्या भागात काळ मागे नेऊन अण्णा नाईक आणि शेवंता जिवंत दाखवले, आणि लोक तिच्यासाठी मालिका बघू लागले. मग 2021च्या तिसऱ्या भागात भूत म्हणून का होईना, ती लागणारच होती. आमच्या अर्धापुरात ती मालवणी अर्धी कळायची, अर्धी नाही, पण साडेदहा-अकराला घरोघरी तेच चालू असायचं. तिसरा भाग चालू असतानाच अपूर्वा नेमळेकरनं मालिका सोडली आणि तिच्या जागी कृतिका तुळसकर आली. त्या रात्री माझी आई टीव्हीसमोर बसून म्हणाली, "बाई बदलली की गं. साडी तीच."

आम्ही हसलो. आई हसली नाही.

आई माझ्या वडिलांची दुसरी बायको. थोरली आई दादाच्या जन्मानंतर वर्षभरात गेली. काही घरांत दुसरेपणावर आलेल्या बाईच्या गळ्यात सवतीचा टाक घालतात, चांदीचा, नखाएवढा, त्यावर बाईची आकृती. लग्नाच्या दिवशी तो आईच्या गळ्यात पडला, आणि थोरलीची लुगडी तिला नेसायला मिळाली. पुढं गाय आटली, केळीची बाग वाऱ्यानं झोपली, मी तापानं फणफणले, की आजी म्हणायची, "थोरली कोपली." घरात थोरली यायची ती अशी, काहीतरी बिघडलं की. ती हसायची कशी, गाणं म्हणायची का, हे मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. तिचा फोटो नाही. दादाला तर तिचं काहीच आठवत नाही.

आई मात्र पितृपंधरवड्यात अविधवा नवमीला सवाष्ण जेवू घालायची, तेव्हा पुरणावरणासोबत पानात अंबाडीची भाजी आणि ज्वारीच्या कण्या वाढायची. आजी कुरकुरायची, हे काय श्राद्धाचं जेवण आहे? खूप वर्षांनी मी विचारलं, तेव्हा आईनं सांगितलं की लग्न झाल्यावर ती थोरलीच्या माहेरी गेली होती, एकटीच, तिच्या आईला भेटायला. "तिला काय आवडायचं ते इचारून आले. दुसरं कोण इचारनार होतं?"

मागच्या वर्षी दादानं टाक मागितला. आईनं तो काढला, चिंचेनं घासला, नवा काळा दोरा ओवला आणि त्याच्या हातात दिला. "तुझी माय हाय, तू ने," म्हणाली. त्यानं तो नांदेडला त्याच्या देवघरात ठेवलाय. या नवमीला त्याच्या बायकोनं फोन करून कण्यांना पाणी किती घालायचं ते विचारून घेतलं.