कान दी, पोरी

खंडेनवमीला आमच्या गॅरेजात पान्यांची पूजा व्हायची. नळदुर्गात सोलापूर-हैदराबाद रस्त्याच्या कडेला पत्र्याचं शेड होतं. आदल्या रात्री आण्णा रिंगपाने, हातोडे, जॅक रॉकेलनं धुऊन पोत्यावर ओळीनं मांडायचे. सकाळी आई त्यांना हळदकुंकू लावायची, जीपच्या बोनेटवर झेंडूची माळ चढायची. नैवेद्य झाला की आण्णा इंजिन सुरू करायचे आणि मला जवळ ओढून म्हणायचे, "कान दी, पोरी. इंजिन बोलायलंय."

गाडी रस्त्यावरून वळून शेडपर्यंत येईतो आण्णांचं निदान झालेलं असायचं. "मिसिंग मारायलीय. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग काढ." मी प्लगचा पाना घेऊन धावायची. काळाकुट्ट प्लग निघाला की पॉलिश पेपरनं घासून द्यायचा, हे माझं काम. इतर पोरी बोरी नदीवर धुणं घेऊन जायच्या, पावसाळ्यात किल्ल्यातला नर-मादी धबधबा बघायला जायच्या. मीही जायची; पण किल्ल्यातल्या पाणी महालात उभं राहूनसुद्धा मला वर हमरस्त्यावरच्या लेलँडचा गिअर बदललेला ऐकू यायचा.

मी चौथीत असताना आण्णा शोलावरमला गेले. सोलापुरातल्या एका स्पेअरपार्टवाल्या मित्रानं त्यांना बरोबर नेलं होतं. आईनं धपाटे आणि शेंगाची चटणी बांधून दिली आणि सोलापूर स्टेशनातून दोघं मद्रासच्या गाडीत बसले. मद्रासच्या उत्तरेला, कलकत्त्याच्या रस्त्यावर हे शोलावरम. तिथं दुसऱ्या महायुद्धातली विमानांची धावपट्टी होती आणि तिच्यावर १९५३ साली स्थापन झालेला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब शर्यती घ्यायचा. आण्णा परत आले ते आठ दिवस दुसरं काही बोललेच नाहीत. आपल्या गॅरेजात येते तीच फियाट तिथं कशी वळणावर तिरकी होते, दिव्यांच्या काचा फुटून रस्त्यावर पडू नयेत म्हणून त्यांवर कशा पट्ट्या चिकटवतात, रात्री हेड उघडून बसलेला माणूस सकाळी तीच गाडी कशी पळवतो. येताना त्यांनी तिथल्या मातीतून एक टाकून दिलेला प्लग उचलून आणला होता. तो गॅरेजातल्या तुळजाभवानीच्या तसबिरीखाली ठेवला गेला आणि दर खंडेनवमीला त्यालाही कुंकू लागायचं.

त्यांना सगळ्यात मोठं वाटलं ते हे, की तिथं धावणारे बहुतेक हौशी होते. कुणाची गिरणी, कुणाची नोकरी, कुणाचं स्वतःचं गॅरेज. शर्यतीवर पोट नव्हतं, उलट पोटाचे पैसे शर्यतीत जायचे. हौसेला मोल नाही, असं आपल्याकडे लग्नाच्या खर्चापुरतं म्हणतात. आण्णांनी त्याचा खरा अर्थ शोलावरमला पाहिला, असं मला आजही वाटतं.

पुढं कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८००चं तीन सिलिंडरचं ७९६ सीसीचं इंजिन घालून हलकी, एकट्यानं बसायची रेसगाडी बनवली. १९८८ साली फॉर्म्युला मारुती सुरू झाली. त्याच गाडीतून नारायण कार्तिकेयन पुढं आले आणि २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये पोचणारे पहिले भारतीय ठरले. करिवर्धन मात्र १९९५ साली विमान अपघातात गेले. ती बातमी वाचून आण्णांनी त्या दिवशी शेड उघडलं नाही. कधी भेटले नव्हते, तरी त्यांच्यासाठी तो घरातलाच माणूस होता.

मी शर्यत कधी धावले नाही. पण एकदा गाडी खरी पळवली. १९९३, अनंत चतुर्दशीची रात्र सरत होती. ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. उजाडता उजाडता लोहारा, सास्तूरकडच्या बातम्या येऊ लागल्या. आण्णांचा हात भांड्यांच्या उतरंडीखाली सापडून सुजला होता. त्यांनी जीपची किल्ली माझ्या हातात ठेवली. पावसानं काळी माती घसरत होती, मागं जखमी माणसं कण्हत होती, आणि आण्णा शेजारी बसून डोळे मिटून फक्त सांगत होते: "आता दुसरा. सोड. आता तिसरा." त्या दिवशी सास्तूरच्या बाजूनं सोलापूरकडं तीन खेपा झाल्या. त्यावर आम्ही दोघं नंतर कधी बोललो नाही.

मग लग्न होऊन पुण्याला आले, पंचवीस वर्षं शाळेत शिकवलं. आणि याच पुण्यातल्या डायना पंडोल यांच्याविषयी वाचलं तेव्हा पेपर हातात धरून किती तरी वेळ बसून राहिले. शिक्षिका, दोन मुलांची आई. शर्यतींची ओढ वडिलांकडून आलेली. २०१८ साली बायकांसाठी घेतलेल्या एका निवड स्पर्धेतून त्या ट्रॅकवर उतरल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर, पुरुषांच्या बरोबरीनं धावून, सलून गटाचं राष्ट्रीय अजिंक्यपद त्यांनी मिळवलं. कार रेसिंगमध्ये असं अजिंक्यपद मिळवणारी पहिली भारतीय स्त्री! हा ट्रॅक शोलावरमच्याच क्लबनं बांधलेला. त्यानंतर त्या फेरारीच्या मध्यपूर्वेतल्या क्लब चॅलेंजकडे वळल्या. ही मालिकाही गाडीमालक हौशी चालकांसाठीच. गाडी फेरारी २९६ चॅलेंज, सातशे अश्वशक्तीची.

दसऱ्याला नळदुर्गला गेले. आण्णा आता पंच्याऐंशीचे आहेत, नजर अधू झाली आहे. शेड भाच्याच्या ताब्यात आहे, पण तसबिरीखालचा प्लग जागेवर आहे. पूजा झाल्यावर मी त्यांना डायनाबाईंची सगळी हकिगत सांगितली. मास्तरीण आहे म्हटल्यावर ते हसले. मग फोनवर त्या फेरारीचा व्हिडिओ लावला. चित्र त्यांना दिसत नव्हतंच. फोन मी त्यांच्या कानाशी धरला. त्यांनी डोळे मिटले, हात माझ्या मनगटावर ठेवला आणि बोटं हलकी हलकी हलू लागली.

"सहा हायती," आण्णा म्हणाले. "अन् एकबी मिसिंग मारंना. परत लाव."