दुपारचा पेपर

आमच्या घरात पेपर कुणी आधी वाचायचा हा नियम कुणी घालून दिलेला नव्हता, पण तो मोडलेला मी कधी पाहिला नाही. आधी आजोबा, चहाबरोबर. मग बाबा, कामावर निघायच्या गडबडीत, उभ्याउभ्याच. मग शेजारचे काका. त्यांच्याकडे लोकसत्ता यायचा, आमच्याकडे महाराष्ट्र टाइम्स, आणि दहाच्या सुमाराला गॅलरीतल्या गॅलरीत अदलाबदल व्हायची. एका पेपरच्या बिलात दोन पेपर वाचून होत. मग शाळेतून आलेला भाऊ, फक्त क्रिकेटचं पान. आईची पाळी यायची दुपारी अडीच-तीनला, भांडी घासून, मोरी धुऊन, केर काढून झाला की. तोवर पेपरच्या घड्या मोडलेल्या असायच्या, पहिल्या पानावर आजोबांच्या बशीचा गोल डाग उमटलेला असायचा आणि शब्दकोडं कुणीतरी चुकीचं भरून ठेवलेलं असायचं.

आई तेव्हा अर्धा कप चहा टाकायची. सकाळपासून तिच्या हातून घरातल्या सगळ्यांचे चहा व्हायचे, त्यातला एक तिचाही असायचा, पण तो ती स्टोव्हपाशी, दुधावर एक डोळा ठेवून प्यायची. बसून प्यायचा चहा हा एवढाच. भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून, पेपर जमिनीवर पसरून ती वाचायची. हातात धरून पेपर वाचताना मी तिला पाहिलं नाही. हातात बहुतेक निवडायची मेथी असे.

हे सत्तरीतलं खोपट. आमची चाळ एसटी स्टँडपासून हाकेच्या अंतरावर होती आणि पहाटेच्या गाड्यांची घरघर हेच आमचं घड्याळ. पेपरचे गठ्ठे मुंबईहून पहिल्या लोकलने ठाणे स्टेशनात उतरत, तिथे फूटपाथवर त्यांची वाटणी होई आणि मग सायकलवरून ते चरई, खोपट, कोलबाड असे पसरत. बाबा वागळे इस्टेटमध्ये होते. ज्या औद्योगिक महामंडळाने पुढे महाराष्ट्रभर वसाहती उभ्या केल्या, त्याचा श्रीगणेशा १९६२ साली इथेच झाला, हे बाबा असं सांगत की जणू कोनशिलेला सिमेंट त्यांनीच लावलं होतं.

रात्री जेवताना आई पेपरातली एखादी गोष्ट काढायची. साखरेच्या भावाची, कुठल्या अपघाताची. आणि बाबा मान वर न करता म्हणायचे, ‘‘ते सकाळीच बोलून झालं.’’ झालं असेलही. पण कुणाशी? ती तेव्हा पोळ्या लाटत होती. मला वाटतं, बातमी शिळी होते ती वेळेमुळे नाही, आधी कुणीतरी ती बोलून टाकतं म्हणून. आई मात्र हटायची नाही. ‘‘मी आत्ता वाचलंय ना,’’ म्हणायची आणि पुढे बोलायची.

पण पेपर तिच्या हाती खऱ्या अर्थाने यायचा तो दुसऱ्या दिवसानंतर. तेव्हा त्यावर कुणाचाच हक्क उरलेला नसे. भजी तळली की झाऱ्यातून थेट पेपरवर. पावसाळ्यात शाळेचे बूट ओले झाले की त्यात पेपरचे बोळे. आरशावर ओल्या पेपरचा हात, मग कोरड्याचा. वर्तमानपत्राच्या कागदाला लिहायच्या कागदासारखी खळ दिलेली नसते, म्हणून तो तेल-पाणी असं अधाशासारखं पितो. हे मला पुढे कळलं. आईला त्याचा उपयोग माहीत होता, कारणाशी तिला कर्तव्य नव्हतं. आंबे आले की एकेक कागदात गुंडाळून खाटेखाली ठेवायचे. फळातून निघणारा इथिलीन वायू कागदात कोंडून राहतो आणि आंबा एकसारखा पिकतो. चौथ्या-पाचव्या दिवशी वास सुटला की आम्ही भावंडं आळीपाळीने खाटेखाली.

आणि मांडणी. दसऱ्याच्या आधी मांडणीवरचे सगळे डबे खाली यायचे, चिंचेने पितळ घासलं जायचं आणि फळ्यांवर नवे कागद घातले जायचे. नवे म्हणजे रद्दीतले. पुढे लोंबणाऱ्या कडेला आई कात्रीने कातरून त्रिकोणांची नक्षी काढायची. ते कागद पुढच्या दसऱ्यापर्यंत तिथेच राहायचे. म्हणजे सहा महिन्यांपूर्वीची कुठलीशी बातमी आमच्याकडे वर्षभर टिकायची. १९८३च्या दसऱ्याला डाळींच्या डब्यांखाली विश्वचषक हातात घेतलेला कपिलदेव गेला. भावाने आकांत केला, पण आई म्हणाली, कागद मोठा आणि अखंड आहे, तोच बरा. तूरडाळीचा डबा काढला की कपिलदेव दिसायचा, ठेवला की जायचा. पुढच्या वर्षी तो निघाला तेव्हा पार तेलकट झाला होता. वरच्या फळीवर गिरणी संपाच्या बातम्या होत्या. तो संप जानेवारी १९८२मध्ये सुरू झाला आणि आमच्या मांडणीवर त्याने एकापेक्षा जास्त दसरे पाहिले. चाळीतली काही घरं त्याच संपाने बसली होती. आई डबा उचलताना त्या मथळ्याकडे बघायची की नाही, सांगता येत नाही. बहुधा डाळीत टोका पडलाय का तेच बघत असेल.

याशिवाय पुड्या. जांभळी नाक्यावरून वाणसामान यायचं ते पेपरच्या पुड्यांत. वाण्याच्या डोक्यावर दोऱ्याचं रीळ टांगलेलं, तो गल्ल्याकडे बघत बघत पुडी बांधायचा आणि दोरा झटक्यात तोडायचा. आमच्या चाळीतल्या दोन बायका मैद्याच्या खळीत मोरचूद घालून रद्दीच्या पिशव्या चिकटवून दुकानांना द्यायच्या, तीही पेपरचीच कमाई. घरी आलं की आई पुडी कधी टरकावायची नाही. दोरा सोडवून गुंडीला गुंडाळायची, साखर डब्यात ओतायची, कागद झटकून सरळ करायचा आणि वाचायचा. त्या कागदाला मागचा-पुढचा संदर्भ नसे. निकालाशिवाय खटला, वराशिवाय वधू, शेवट नसलेली कथा. आम्ही हसायचो. ती म्हणायची, ‘‘पुढचं काय झालं असेल ते येतं लक्षात.’’

अशाच एका पुडीतून, बहुधा शेंगदाण्यांच्या, आमच्या घरात एक पदार्थ आला. कागद वरून आणि खालून फाटलेला होता. वरचं नाव गेलं होतं. सुरुवात होती ‘दुधी किसून पिळून घ्यावा, पाणी टाकून देऊ नये’ अशा काहीतरी वाक्याने, मग डाळीचं पीठ, तीळ, आलं-मिरची, आणि त्या दुधीच्याच पाण्यात पीठ भिजवायची सूचना, आणि ‘वाफ आणून झाल्यावर’ इथे कागद संपत होता. वाफ आणून झाल्यावर काय? तळायचं? फोडणी द्यायची? रश्श्यात सोडायचं? आईने दोन दिवस तो कागद खिळ्याला टोचून ठेवला. मग एका रविवारी केलं, थापलं, वाफवलं, वड्या पाडल्या आणि तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस भाजल्या. कोथिंबीर वडीच्या वाटेने ती गेली, हे उघड आहे. अनोळखी पदार्थ करताना माणूस ओळखीच्याच गल्लीतून जातो. पण दुधीचं पाणी न टाकल्यामुळे ती वडी आतून इतकी मऊ झाली की बाबांनी मान वर करून विचारलं, ‘‘हे काय?’’ आईला नाव सांगता आलं नाही. तेव्हापासून ती ‘पुडीतली वडी’.

पुढे घरात ‘रुचिरा’ आलं. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० साली निघालं आणि लग्नात मुलीला द्यायच्या वस्तूंच्या यादीत जाऊन बसलं. आमच्याकडचं मात्र आईने माझ्या लग्नाची वाट न पाहता स्वतःसाठी घेतलं. पहिल्यांदा तिने त्यात काय केलं असेल तर दुधीची पानं काढून आपल्या वडीला नाव आहे का ते शोधलं. जवळपास जाणारं काही मिळालं, हुबेहूब नाही. मला वाटतं तिला बरंच वाटलं.

हे पुस्तक तिने रद्दीच्या पैशांतून घेतलं होतं. रद्दीचे पैसे आईचे, हाही एक न सांगितलेला नियम. पेपरचं बिल बाबा भरत, रद्दीवाल्याशी हुज्जत आई घाले. त्याच्या काट्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. पारडं वर उचललं की ती खाली वाकून खालून बघायची, काही चिकटवलंय का. त्या पैशांतून स्टीलचं पातेलं यायचं, आमचं भिशीचं नाटक व्हायचं, आणि एका वर्षापासून त्यातूनच मराठी ग्रंथसंग्रहालयाची वर्गणी जायला लागली. विनायक लक्ष्मण भाव्यांनी, ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणाऱ्या भाव्यांनी, १८९३ साली ठाण्यात उभारलेली ही संस्था. मराठीत छापलेला कागद जपायचा हेच तिचं काम, आणि आमची आई तिची वर्गणी छापलेला कागद किलोने विकून भरत होती. भाव्यांना हे आवडलं असतं की नसतं, मी अनेकदा मनाशी विचारते. ठाण्यात ‘अरुणोदय’ नावाचं साप्ताहिक १८६६ साली निघालं होतं. त्याचा एखादा अंक जपून ठेवलेला दिसला तर अभ्यासकाला आनंद होईल. मला मात्र जे अंक उरले नाहीत त्यांचं कुतूहल आहे. कुठल्या वाड्यात कुठल्या बाईने त्यात सुंठ बांधून ठेवली असेल?

लग्न होऊन मी डोंबिवलीला गेले आणि तिथे वेगळीच अडचण. पेपर घरात राहतच नव्हता. आमचे हे सकाळच्या लोकलला तो काखेत मारून नेत. उभ्या गर्दीत पेपरची उभी पट्टी करून, कुणाच्या नाकाला न लागता पान उलटायची एक विद्या असते, डोंबिवलीकरांना ती जन्मतः येते. रात्री पेपर परत आलाच तर घामेजलेला, आणि पुष्कळदा गाडीतच कुणाकडे तरी गेलेला. माझी शाळा दुपारची. सकाळी अर्धा तास मोकळा मिळे आणि वाचायला काही नसे. वर्षभर सोसल्यावर मी पेपरवाल्याला दुसरा पेपर टाकायला सांगितलं. घरात थोडी कुरकुर झाली. खोपटला आईला सांगितलं तर ती आधी म्हणाली, ‘‘दोन-दोन पेपर?’’ आणि मग क्षणभराने, ‘‘रद्दी दुप्पट येईल.’’

मग पेपरची घरातली कामं एकेक करून गेली. मांडणीच्या जागी ट्रॉल्या आल्या, त्यात प्लॅस्टिकच्या जाळ्या. भजी टिश्यू पेपरवर निथळू लागली. २०१८च्या जूनमध्ये महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या पिशव्या बंद झाल्या तेव्हा मला वाटलं, आता पुडी परत येणार; त्याच वर्षाअखेर अन्नसुरक्षेच्या केंद्रीय नियमांत खाण्याचे पदार्थ वर्तमानपत्रात बांधायला मनाई आली. कारण खरंच आहे, शाईतली द्रव्यं गरम तेलकट पदार्थात उतरतात. मग आम्ही लहानपणी भज्यांबरोबर किती अग्रलेख पोटात घातले असतील! नियम योग्य आहे, मी पाळते. वडापाववाल्याने पेपरात दिला की सांगतेही. पण वडापावच्या खाली वाचायला काही नसतं हे अजून चुकल्यासारखं वाटतं.

टाळेबंदीत, २०२०च्या मार्चनंतर, पेपर यायचाच बंद झाला. पुढे एप्रिलमध्ये सरकारने घरोघर पेपर टाकायलाही मनाई केली. माझ्याकडे फोन होता. आई खोपटला, चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत, बाबांच्या मागे एकटी. फोनवर रोज विचारायची, ‘‘पेपर कधी सुरू होणार म्हणतायत?’’ मग एक दिवस विचारायची थांबली. तिने बाल्कनीतली रद्दी आत आणली होती, तारखेप्रमाणे लावली होती आणि जानेवारीपासून रोज एक वाचायला घेतला होता. ‘‘आतल्या पानावर एवढीशी बातमी आहे बघ,’’ मला म्हणाली, ‘‘चीनमध्ये कसलासा ताप. तेव्हा नजरेतून सुटली.’’ जूनमध्ये पेपर यायला लागले तरी तिने हातातला गठ्ठा पुरा केला.

आता पेपर थेट तिच्या दाराशी येतो. आजोबा नाहीत, बाबा नाहीत, शेजारचे काका मुलाकडे विरारला. पहिला हक्क तिचाच. ती दार उघडते, पेपर उचलते आणि टीव्हीच्या कपाटावर ठेवते. मी राहायला गेले की चिडते, आता तरी सकाळी वाच. ‘‘सकाळी कामं असतात,’’ म्हणते. कामं म्हणजे काय, दोन भांडी, चार कपडे, तेही मशीनला. पण दुपारचे अडीच वाजल्याखेरीज पेपर खाली उतरत नाही. जमिनीवर बसवत नाही म्हणून तो आता टेबलावर पसरतो, एवढाच फरक, आणि हातात भिंग.

यंदा मे महिन्यात कोकणातून आंब्याची पेटी आली तेव्हा घरात कागद नव्हता. रद्दी आठवड्यापूर्वीच दिली होती, आणि पेपरही आता अंगाने बारीक झालेत. शेजारीपाजारी विचारलं तर सगळेच फोनवर वाचणारे. शेवटी आम्ही दोघी खाली रद्दीवाल्याकडे गेलो. त्याने किलोचा जो भाव सांगितला तो ऐकून आईने काठी टेकली आणि विचारलं, ‘‘काय रे, मागच्या आठवड्यात माझ्याकडून काय भावाने नेलीस?’’ तो हसला. बराच वेळ चाललं त्यांचं. अखेर त्याने काट्यावर एक गठ्ठा टाकला, आईने सवयीने वाकून पारड्याखाली बघायचा प्रयत्न केला. इलेक्ट्रॉनिक काटा, खाली बघण्यासारखं काही नव्हतं. मग तिने गठ्ठा उलगडला. वरचे सगळे इंग्रजी.

‘‘हे नकोत,’’ ती म्हणाली. ‘‘मराठी दे. पेटीभर आंबे गुंडाळायचेत, तेवढ्यात वाचून तरी होईल.’’