मला उन्हाळी लागते

एप्रिल सरत आला की आमच्या कुंभार पिंपळगावात शहाणी माणसं दोनच कामं करतात. लग्नांना जातात, नाहीतर सावली धरून बसतात. मी २०२५ च्या एप्रिलात शाळेत गेलो. वयाच्या बावन्नाव्या वर्षी.

झालं असं की एका विद्यापीठाने 'राजकीय संवाद आणि लोकशाही' या विषयावर पंधरा दिवसांची उन्हाळी शाळा भरवली. मी राज्यशास्त्र शिकवतो. म्हणजे तासाला जे येतात त्यांना शिकवतो. अर्ज केला, निवड झाली. निवड झाली म्हणजे फी भरली. ही आनंदाची बातमी मी फोनवरून आत्याला कळवली.

"आत्या, उन्हाळी शाळेला चाललोय."

"उन्हाळी लागली? कामून रे? पाणी पीत नसशील. राती धने भिजू घाल, सकाळी खडीसाखर टाकून पी. दोन दिसांत जळजळ थांबती."

"जळजळ नाही गं. शाळा! उन्हाळ्यातली शाळा."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग आवाज खाली आणून, "नापास झालास का रे?"

शाळा उत्तम होती. वर्ग इतका थंड की मराठवाड्यातून गेलेले आम्ही तिघे दुपारी उन्हात उभे राहायला बाहेर जायचो. पहिल्याच दिवशी अमेरिकेतल्या ओहायो राज्याचा ईरी परगणा आमच्यापुढे आला. तिथे १९४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहाशे मतदारांना मे ते नोव्हेंबर दर महिन्याला गाठून, मत कोणाला देणार, म्हणून विचारलं. एकेका माणसाला सात वेळा! आमच्याकडे हा प्रयोग करून पाहावा. पहिल्या सहा वेळा सहा निरनिराळी उत्तरं मिळतील, सहाही विचारणाऱ्याच्या मनासारखी, आणि सातव्या वेळी तो मतदारच विचारील, "सर, तुमचं काही कर्ज थकलंय का?"

त्या मंडळींना असं आढळलं की रेडिओ आणि वर्तमानपत्रांमुळे माणसं फारशी मत बदलत नाहीत. बातमी आधी चार जाणत्यांकडे जाते आणि त्यांच्या तोंडून बाकीच्यांकडे. याला द्विस्तरीय प्रवाह म्हणतात. मी वहीत लिहून घेतलं आणि मला आमच्या स्टँडजवळचं हॉटेल दिसू लागलं. पेपर एक, वाचणारा एक, ऐकणारे दहा, आणि चहा पाचांत दहा. सलूनमधला प्रवाह तर याहून जोरदार. तिथे मान आणि वस्तरा यांचं नातंच असं असतं की श्रोता मतभेद व्यक्त करीत नाही. आता हे काम मोबाइलवरचे ग्रुप करतात, पण त्यात वस्तऱ्याची शिस्त नाही.

दुसऱ्या आठवड्यात एलिझाबेथ नोएल-नॉयमन या जर्मन विदुषी आल्या. म्हणजे त्यांचा १९७४ सालचा सिद्धान्त आला. आपलं मत चारचौघांसारखं नाही असं वाटलं की माणूस गप्प बसतो. तो गप्प बसला म्हणून त्याच्यासारखा दुसराही गप्प बसतो, आणि हा मौनाचा भोवरा खाली खाली ओढत नेतो. बाईंनी लोकांना विचारलं होतं : आगगाडीत पाच तास अनोळखी माणसाबरोबर प्रवास आहे, त्याचं मत तुमच्या उलट आहे, तर तुम्ही बोलाल का? आमच्या गावाला आगगाडी नाही. आमच्याकडे हा प्रयोग एसटीत करावा लागेल, आणि एसटीत पाच तास कोणी अनोळखी राहत नाही. पहिल्या थांब्यापर्यंत गाव कळतं, दुसऱ्यापर्यंत आडनाव, आणि मग मत विचारायची गरजच उरत नाही.

या भोवऱ्यावर आमच्या गटातर्फे मी व्याख्यान दिलं. टाळ्या पडल्या. उत्कृष्ट सादरीकरणाचं प्रमाणपत्र मिळालं. चहाच्या वेळी एक पुणेकर म्हणाले, "आमच्याकडे उन्हाळ्यात भाषणं ऐकायची सवय जुनी. रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली." मी म्हटलं, "आमच्याकडे तेव्हा निजाम होते. पुढे तर सभा घ्यायची तर आधी परवानगी काढावी लागे. आम्ही बोलायला लागलो ते १७ सप्टेंबर १९४८ नंतर. म्हणून जरा जास्त बोलतो." यालाही टाळ्या पडल्या. एकूण माझी तब्येत छान होती.

तीस एप्रिलला रात्री घरी पोचलो, तोच आत्याचा फोन. "शाळा सुटली ना? बोलायचं शिकलास ना? मंग उद्या इकडं ये. एक मेची सभा हाये. मला बोलायचंय."

आत्याच्या गावाचं नाव सांगत नाही. तिला तिथंच राहायचं आहे. सकाळी तिला मी मुद्दे काढून दिले : आधी प्रास्ताविक, मग नळाचा प्रश्न, शेवटी आवाहन. आवाज कुठे चढवायचा तेही सांगितलं. आत्या भाकरी थापता थापता "हं, हं" करीत होती.

ग्रामसभा झेंडावंदनानंतर शाळेच्या व्हरांड्यात भरली. सरपंच म्हणजे आत्याच्या चुलत दिराचा मुलगा. त्याने मला हाताला धरून खुर्चीवर नेलं, शाल पांघरली, नारळ दिला. शाल आणि पहिली मे. मला पुन्हा त्या थंड वर्गाची आठवण झाली. मग ग्रामसेवक उठले. (२०२४ पासून या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं आहे, पण गावाच्या तोंडात अजून ग्रामसेवकच.) मागच्या सभेचा वृत्तान्त वाचायला लागले. "हजर ग्रामस्थ चौऱ्याण्णव..."

आत्या उभी राहिली. प्रास्ताविक नाही, आवाहन नाही.

"त्या चौऱ्याण्णवात मी हाये का?"

ग्रामसेवकांनी वहीवर बोट फिरवलं. "आहात की, काकू. ही काय सही."

"सही? मला तर अंगठा येतो बाबा. सही कोणी केली?"

व्हरांड्यात अशी शांतता पसरली की झेंड्याची दोरी खांबावर आपटलेली ऐकू यावी. सरपंच हसला आणि माझ्याकडे वळला. "सर, तुम्ही सांगा काकूंना. तुम्ही शिकलेले. तांत्रिक बाब असती ती."

सगळं गाव माझ्याकडे पाहू लागलं. ग्रामसभेला गावातल्या मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यांतला कमी असेल तो आकडा हजर लागतो, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलोय. सही खोटी तर हजेरी खोटी, हे सांगायला सिद्धान्त लागत नाही. पण मांडीवर श्रीफळ असताना सरपंचाच्या विरुद्ध कसं बोलावं, हा पाठ आमच्या शाळेत झाला नव्हता. मी नारळाची शेंडी नीट केली. "बघू... म्हणजे... बघावं लागेल," असं काहीसं म्हणालो. मौनाच्या भोवऱ्यावर टाळ्या घेऊन मला तीन दिवसही झाले नव्हते.

सरपंच सावध माणूस. त्याने माणसं मोजली. चाळीससुद्धा भरेनात. "कोरम नाही. सभा तहकूब!" तहकूब सभा पुन्हा भरली की तिला कोरमची अटच नसते. हेही मी फळ्यावर लिहितो.

"तहकूब तर तहकूब," आत्या म्हणाली. "चहा व्हईस्तोवर वही तर वाचता येती ना?" आणि ग्रामसेवकांच्या पुढ्यातली वही उचलून तिने माझ्या हातात दिली. नारळ काढून घेतला. "तू काही बोलू नको. नुसती नावं वाच."

मी वाचायला लागलो. पहिलं नाव, दुसरं नाव. मागे बसलेल्या बायका पुढे सरकल्या. "मव्हं बघा बरं, सर." "हाये." "सही का अंगठा?" "सही." "अगं बया!" पारावरचे लोक उठून आले. सतराव्या नावाला एक म्हातारी पदर तोंडाला लावून हसायला लागली. तिचे मालक त्या सभेआधी दोन वर्षं वारले होते. अक्षर मात्र सुरेख होतं. सरपंच फोन कानाला लावून फाटकाकडे गेला. ग्रामसेवक माझ्या शेजारी उभे राहून हळूच म्हणाले, "सर, जरा सावकाश वाचा, मी खुणा करून घेतो."

चौऱ्याण्णव नावं वाचेपर्यंत बारा वाजले. घसा कोरडा पडला, डोकं तापलं. घरी आल्यावर आत्याने तांब्या पुढे केला. धन्याचं पाणी होतं.

"पी. राती भिजू घातले व्हते," ती म्हणाली. "मला वाटलंच व्हतं, तुला लागतीन."