दोरी धरायला या

आमच्या एडवणला कुंपण हा शब्द अलीकडचा. आम्ही वई म्हणायचो. भात कापून झालं की गुरं मोकळी सुटायची, त्याआधी वाडीची वई नीट करावी लागे. नाहीतर केळी, मिरची, पानवेल, एका रात्रीत साफ. भेंडीचे नाहीतर पांगाऱ्याचे खुंट रोवायचे, ते पावसात फुटायचे. मधे निरगुडी, मेंदी, शेर. भोक पडलं तिथं करवंदीचे काटे कोंबायचे. ते आणायला सफाळ्याच्या डोंगराकडे गाडी जायची. वई दोघांच्या मधली, म्हणून दोन्ही अंगाची माणसं एकत्र राबायची. बांधाचं भांडणही तिथंच व्हायचं आणि बहुतेक तिथंच मिटायचं.

काटेरी तारेचं पेटंट 1874 साली अमेरिकेतल्या जोसेफ ग्लिडननं घेतलं. तोही शेतकरीच. त्यांच्याकडे नुसता माळ, लाकूड कमी, त्यांना तारेची गरज होती. आमच्याकडे खरा सुळसुळाट झाला तो मुंबईकरांच्या प्लॉटबरोबर. वाडी विकली गेली की आधी कुंपण, घर मागाहून.

त्यावर आमच्या गावातल्या एका पोरानं धंदा उभा केला. नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. आधी तारापूरला कारखान्यात ठेकेदाराकडे होता. आता केळवे, दातिवरे, मथाणे, सगळीकडे त्याची कामं चालतात. हाताखाली सात जण, बहुतेक डोंगराकडच्या पाड्यांवरचे वारली. दुपारी सगळे एकत्र जेवतात, हाही आपला डबा घेऊन त्यांच्यातच बसतो. मजुरी शनिवारी, बाजाराच्या आधी. हातमोजे दिलेत, पण तारेची गाठ मारताना पोरं ते काढून ठेवतात. बोटाला कळत नाही म्हणतात.

काम बघण्यासारखं असतं. आठ-आठ फुटांवर खड्डे. आमची जमीन रेताड, म्हणून दोन फुटांवर भागत नाही, आणखी खाली जावं लागतं. कोपऱ्याच्या खांबाला दोन्हीकडून तिरके टेकू, नाहीतर तार ताणली की खांब आत झुकतो. खाऱ्या वाऱ्यानं स्वस्तातली तार लवकर गंजते. सिमेंटच्या खांबाच्या पोटातली सळईसुद्धा गंजून फुगते आणि खांब तडकतो. हे तो गिऱ्हाइकाला आधीच सांगतो. काही गिऱ्हाइकं त्यामुळेच दुसरीकडे जातात.

त्याचा एक नेम आहे. दोरी धरल्याशिवाय पहार मारायची नाही, आणि दोरी धरायला दोन्ही बाजूंचे शेजारी पाहिजेत. मलाही असाच निरोप आला होता, "काका, उद्या सकाळी दोरी धरायला या."

प्लॉट माझ्या वाडीला लागून. मधून जुनी वाट, मागच्या तीन वाड्यांत जाणारी आणि तिथून पुढे किनाऱ्यावर. खताच्या पाट्या, माडाची झावळं, गेलेल्या माणसाची तिरडी, सगळं त्याच वाटेनं. प्लॉटवाल्याच्या नकाशात ती नव्हती. फोनवर म्हणाला, सरळ बंद करा. टोळीतल्या थोरल्या गड्यानं पहार खाली ठेवली. "वाट बुजवायचं काम आमी नाय करत," एवढंच बोलला. पोरानंही फोनवर तेच सांगितलं. खांब उतरवलेले, पैसे अडकलेले, वर दुसरा ठेकेदार आणतो म्हणून दम.

मी त्याला मामलेदार न्यायालय अधिनियमाचं सांगितलं. 1906 चा कायदा आहे. शेतात जायची वहिवाटीची वाट कुणी अडवली तर सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दावा लावता येतो. शेतकऱ्याला हा एक कायदा तोंडपाठ असावा. पोर म्हणालं, "काका, दावा लागला की माणसं बोलायची बंद होतात. आठ दिवस थांबू."

आठ दिवस खांब तसेच पडून. टोळीला त्यानं दातिवऱ्याच्या कामावर लावलं. रविवारी प्लॉटवाला स्वतः आला. पोरानं काही न बोलता दोरीचं एक टोक त्याच्या हातात दिलं, दुसरं माझ्या. उन्हात तासभर आम्ही दोघं ती धरून वाटेनं पुढं सरकत होतो. मागच्या वाडीतली म्हातारी डोक्यावर झावळ्यांचा भारा घेऊन आली आणि दोरी बघून थांबली. त्यानं दोरी खाली केली, ती ओलांडून गेली. मग त्यानंच विचारलं, "वाट किती रुंद लागते?" पाच फूट ठरली. प्लॉट जवळजवळ गुंठाभर आत सरला. चेहरा उतरला होता त्याचा, पण दोरी सोडली नाही.

तीन बाजू झाल्या. आता आवणी आली, गडी आपापल्या पाड्यावर गेले. प्लॉटवाल्याचे फोन चालू आहेत. पोर त्याला सांगतं, गणपतीनंतर. तोवर उघड्या बाजूला मी भेंडीचे खुंट रोवून ठेवलेत.